चंद्रीला विकू नको, पण नुसती बांधूनही ठेवू नको

चोपडा तालुक्यातून एका पोराचं पत्र आलंय. मोठं आहे, थोडक्यात देतो.

"आप्पा, आमच्याकडे कुमैत, म्हणजे लालसर तपकिरी घोडी आहे, कपाळावर पांढरा टिक्का म्हणून नाव चंद्री. बैलजोडी परवडेना म्हणून बारा वर्षांपूर्वी आबांनी घेतली, तेव्हा व्यापारी आठ वर्षांची म्हणाला होता. तेव्हापासून कपाशीची सगळी कोळपणी तिच्यावर, घरचा चारा-शेणखतही छकड्यात घालून तीच ओढते. यंदा मिनी ट्रॅक्टर घेतला. चंद्री आता मागच्या पायाने थोडी ओढत चालते, बरगड्या दिसायला लागल्यात. आबा म्हणतात, 'घोडी म्हातारी व्हयनी, आते इकी टाक.' एक व्यापारी अकरा हजार देतो म्हणतो, सारंगखेड्याच्या यात्रेत नेईन म्हणतो. मला नाही विकायची, ती माले वळखस आप्पा, गाडीचा आवाज आला की खिंकाळते. तर तिला रिटायर कसं करायचं? खर्च किती? पांजरापोळात द्यावी का? आणि आम्ही चार मित्र मिळून यात्रेतून अजून एकदोन म्हाताऱ्या घोड्या सोडवून आणायचं म्हणतोय, ते बरोबर का?"

भाऊ, पहिल्यांदा सरळ उत्तर घे. विकू नको. वीस वर्षांच्या, लंगडणाऱ्या घोडीला कोणी अकरा हजार देत असेल तर तो काही तिचं तोंड बघायला देत नाहीये, त्याला ते पैसे वसूल करायचेत. चार दिवस चंदी म्हणजे दाणा चारेल, खरारा मारून तेल लावून चमकवेल, यात्रेत नवख्या गिऱ्हाईकाला बारा वर्षांची म्हणून दाखवेल आणि तिथून पुढे ती वीटभट्टीवर जाईल नाहीतर कोणाच्या वरातीत डीजेपुढे रात्री एकपर्यंत उभी राहील, तुला पत्ता पण लागणार नाही. सारंगखेड्याची यात्रा मला लहानपणापासून माहितीये, एकमुखी दत्ताचं दर्शन, तापीचा काठ, दत्तजयंतीला भरणारा तो घोड्यांचा बाजार, लाखालाखाचे मारवाडी-काठेवाडी घोडे, कपाळावरचा भोवरा शुभ का अशुभ यावर तासतासभर चालणारी खलबतं, मला सगळं आवडतं. पण तो बाजार तरण्या जनावराचा आहे. म्हातारं जनावर तिथे कडेला, झाडाला बांधलेलं असतं आणि त्याचा सौदा रुमालाखाली बोटं दाबून होत नाही, उभ्या उभ्या होतो.

आणि घोड्याला आता कामच उरलं नाही हे पण समजून घे. 2012च्या पशुगणनेत देशात घोडे-तट्टू मिळून सव्वासहा लाखाच्या आसपास होते, 2019च्या गणनेत 3 लाख 40 हजार. सात वर्षांत जवळपास निम्मे. मुंबईतल्या त्या चंदेरी व्हिक्टोरिया घोडागाड्या 2015 मध्ये हायकोर्टाने बंद करायला सांगितल्या, माझ्या मते बरंच झालं, पण तेव्हाही मोठा प्रश्न हाच होता की गाडी बंद झाली, आता त्या घोड्यांचं आणि त्यांच्यावर पोट असणाऱ्या माणसांचं काय. तुझ्या घरी ट्रॅक्टर आला तेव्हा तोच प्रश्न तुझ्या गोठ्यात आला, एवढंच.

आता रिटायर करणं. इथे मला माझीच चूक सांगावी लागेल, ती काही फार अभिमानाची गोष्ट नाही.

आमच्या घरी टांगा होता, नरडाणा स्टेशनवरून गावोगाव सवारी. काळीपिवळी जीपा सुरू झाल्या आणि टांग्यात कोणी बसेना, मग दादांनी टांगा विकला पण घोडा ठेवला. सब्जा, म्हणजे पांढुरक्या करड्या रंगाचा होता, म्हातारा. दादा म्हणाले, याने आपलं घर चालवलं, आता बसून खाईल. मी तेव्हा पंचवीसेक वर्षांचा, घोड्याची सगळी जबाबदारी माझ्याकडे. मी काय केलं, निंबाखाली आगाडी-पिछाडी लावून, म्हणजे पुढचे-मागचे पाय दोरीने जखडून बांधला आणि गव्हाणीत दादर ज्वारीचा कडबा टाकला, भरपूर, दोन वेळा. येणारेजाणारे म्हणायचे, वा, याला म्हणतात माणुसकी. मलापण बरं वाटायचं. सकाळी गव्हाण झाडायला गेलो की कडब्याचे ओलसर गोळे पडलेले असायचे, लिंबाएवढे, चघळून चघळून टाकलेले. मी म्हणायचो, पोट भरलंय म्हणून माजला, टाकतोय. रोज ते गोळे झाडून उकिरड्यावर. दोन महिने. घोडा वाळत चालला तर मी अजून कडबा टाकला.

पौषातल्या एका रात्री तो सारखा मागे वळून स्वतःच्या पोटाकडे बघायला लागला, पुढच्या पायाने जमीन उकरायचा, बसायचा, लोळायचा, परत उठायचा. आम्ही गावठी इलाज केला, बाटलीने एरंडेल पाजलं, ओवा दिला. सकाळी डॉक्टर येईपर्यंत संपला होता. डॉक्टरांनी मेलेल्या घोड्याच्या तोंडात हात घातला आणि मला म्हणाले, इकडे ये, बोट लाव. दाढेची बाहेरची कड सुरीसारखी झालेली, गाल आतून फाटलेला. त्याला चावताच येत नव्हतं. अर्धवट चावलेला कोरडा कडबा आतड्यात जाऊन बसला, त्यात थंडीत हौदाचं पाणी बर्फागत, ते तो प्यायचा नाही. घोड्याला उलटी होत नाही हे पण मला त्या दिवशी कळलं, म्हणजे आत अडकलं की वरून बाहेर यायचा रस्ताच नाही. आणि बाटलीने तेल पाजणं म्हणजे ते फुप्फुसात जायचा धोका, डॉक्टर नाकातून नळी घालून देतात ते उगाच नाही. तुझ्या घोडीच्या बरगड्यांचं वाचलं तेव्हा ते गोळेच डोळ्यांपुढे आले माझ्या.

म्हणून उद्या सकाळी पहिलं काम, चंद्रीची गव्हाण बघ. गोळे आहेत का. लीद हातात घेऊन फोड, हो हाताने, त्यात अख्खे दाणे किंवा बोटाएवढ्या लांब काड्या दिसल्या तर दाढा गेल्यात समज. खाताना मान एका बाजूला वाकडी करते का, पाणी पिताना दचकते का, तोंडाला वास येतो का. यातलं एक जरी असलं तरी डॉक्टरांना सांग की दाढा कानशीने घासायच्यात. हे काम सगळे डॉक्टर करत नाहीत, घोड्याच्या तोंडात हात घालायला सवय लागते, पण तालुक्याच्या दवाखान्यातून कोण करतं ते कळेल, आणि 1962 वर फोन केला तर फिरता दवाखाना दारात येतो, तो नंबर फुकट आहे, गाई-म्हशींपुरताच आहे असं समजू नको. दाढा वर्षातून एकदा तरी बघून घ्यायच्या.

तोंड उघडलंच आहे तर वय पण बघून टाक, कारण व्यापाऱ्याने आठ सांगितलं म्हणजे आठच होतं असं मी काय तू पण मानणार नाहीस. वरचा ओठ बाजूने उचल. समोरच्या दातांच्या ओळीत सगळ्यात कडेचा जो वरचा दात, त्यावर उभा तपकिरी चर असतो. साधारण दहाव्या वर्षी तो हिरडीपाशी दिसायला लागतो, पंधराला दाताच्या मध्यापर्यंत येतो, विसाच्या सुमारास पूर्ण दातभर, आणि मग वरून पुसत पुसत पंचविशीत खालच्या अर्ध्यातच राहतो. घड्याळ नाही ते, दोनतीन वर्षं इकडेतिकडे होतात. पण चर वरून पुसायला लागला असेल तर आबांना दाखव, त्यांनाही कळेल की आपण बावीस-तेवीस वर्षांच्या घोडीकडून कोळपणी करून घेत होतो. नीट ठेवलेलं घोडं पंचवीस ते तीस वर्षं जगतं, म्हणजे अजून पाचसात वर्षांचा हिशोब तुला धरायला लागेल.

खर्च विचारलास ना. किमती मी सांगत नाही, तुझ्या गावचा भाव तुला माहिती, मी वजन सांगतो. टेप घे, पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोज सेंटीमीटरमध्ये, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी. घेराला घेराने गुण, त्याला लांबीने गुण, 11,880 ने भाग. घेर 150 आणि लांबी 140 आली तर 265 किलो. घोड्याला रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा लागतो, म्हणजे जास्तीत जास्त सव्वापाच किलोच्या आसपास, म्हणजे वर्षाला वीसेक क्विंटल सगळं मिळून. त्यातला कडबा तुझ्या घरचा, बांधावरचं गवत फुकट, विकत काय लागेल तर हरभरा, गव्हाचा कोंडा, थोडं मीठ. वरून नालबंद, जंताचं औषध, धनुर्वाताची लस, डॉक्टर. हे सगळं कागदावर मांड, बारा महिन्यांचं, आणि तो कागद आबांपुढे ठेव.

आबांशी बोलताना एक कर भाऊ, 'तुम्हाला दया नाही का' असलं काही बोलू नको. ज्या माणसाने बारा वर्षं त्या घोडीला आपल्याआधी पाणी दाखवलं त्याला तू दया शिकवायला जाऊ नको. त्यांनी दुष्काळात जनावर विकून पोरांच्या फिया भरल्या असतील, त्यांच्या डोक्यात जनावर म्हणजे वेळेला मोडता येणारा पैसा आहे आणि त्या हिशोबाने तुमचं घर उभं राहिलंय. तू म्हण, आबा, अकरा हजार मी देतो, माझ्या पगारातून नाहीतर दुधाच्या पैशातून, घोडी मला विका. खरं सांगतो, मी दोन घरांत हे चाललेलं पाहिलंय. दोन्ही ठिकाणी बापाने पैसे घेतले नाहीत, चार दिवस फुगून बसला आणि पाचव्या दिवशी स्वतःच हरभरा भिजत घालायला लागला. तुझ्या घरी घेतले तर दे, त्यात काय.

चारा कसा द्यायचा ते ऐक, कारण मी मारला तो चाऱ्यानेच. कडब्याची बारीक कुट्टी कर, पाण्यात भिजव, अर्धा तास तरी, थंडीत कोमट पाणी घे. हरभरा रात्री भिजत घालून सकाळी ठेचून दे, एकदम पोटभर नको, मूठमूठ वाढवत जा, कारण घोड्याला अचानक दाणा वाढवला तर पोटही दुखतं आणि खूरही धरतात. दोन वेळच्या ढिगाऐवजी चारपाच वेळा थोडं थोडं, घोड्याचं पोट लहान असतं, ते दिवसभर चरायला बनलेलं जनावर आहे. तोबरा, म्हणजे तोंडाला बांधायची दाण्याची पिशवी लावत असशील तर खाऊन झालं की काढ, धू. पाणी 25 ते 40 लिटर रोज, उन्हाळ्यात त्याच्याही वर.

आणि काय द्यायचं नाही. बुरशी लागलेला मका बिलकुल नको, जनावरालाच तर घालायचाय म्हणून आपण काळपट कणसं बाजूला ठेवतो ना, ती घोड्याच्या मेंदूवर जातात. हिरवी कोवळी ज्वारी नको, कापणीनंतर फुटलेले पिलके तर नकोच. गाईला विष चढतं हे तुला माहिती असेल, घोड्याला त्याने मागचा भाग लुळा पडतो आणि लघवीचा त्रास सुरू होतो, वाळलेल्या कडब्याला मात्र ही भीती नाही. तिसरं म्हणजे दुकानातलं पशुखाद्य. कोंबड्यांच्या आणि काही गाई-म्हशींच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं, गाईला चालतं पण घोड्याला थोडंसं पण हृदय बंद पाडायला पुरतं. गोणीवर काय लिहिलंय ते वाच, कळत नसेल तर देऊच नको. शेजारच्या कपाशीवर फवारा झाला असेल तर त्या बांधावर तिला सोडू नको, हे तुला सांगायची गरज नाही पण गड्याला सांग.

आता सगळ्यात उलटं वाटेल असं सांगतो, काम एकदम बंद करू नको. माझा सब्जा बांधल्या जागी सुजला होता पायात. बारा वर्षं रोज चालणारं जनावर, त्याला एका दिवसात खुंट्याला बांधलं तर सांधे आखडतात, आतडी मंदावतात, आणि ते लाकूड कुरतडायला लागतं, खुंटा चाटायला लागतं, जागच्या जागी डुलायला लागतं. तू आधी डॉक्टरांना मागचा पाय दाखव, लंगडतेय तोवर ओढायचं काम शून्य. पाय ठीक आहे म्हणाले तर रिकामा छकडा सकाळी गार असताना अर्धा तास, पुढच्या महिन्यात नुसतं मोकळं चालवणं, मोहरकी (तोंडाची दोरी) धरून शेतापर्यंत आणि परत. काम झाल्यावर जबड्याखालची नाडी बघायला शीक, बसल्या जागी मिनिटाला तीसेक ते चाळीस असते, कामानंतर पंधरावीस मिनिटांत ती खाली आली नाही तर काम जास्त झालं. कोळपणी मात्र गेली ती गेली, पावसाळी काळ्या मातीत पाय रुततात, त्यात मुसकं बांधून चार तास, ते आता तिच्याकडून होणार नाही.

आणि वेळ पाळ. ओढकामाच्या जनावरांचे सरकारी नियम 1965 सालचे आहेत. दिवसाला नऊ तासांवर काम नाही, सलग पाच तासांवर नाही, आणि तापमान 37च्या वर असेल तर दुपारी 12 ते 3 जनावर जुंपायचं नाही. आपल्याकडे मार्चपासून पाऊस येईपर्यंत जवळपास रोजच 37च्या वर, म्हणजे अर्धं खान्देश रोज कायदा मोडतं. आजारी, लंगड्या जनावराला कामाला लावणं आणि उपाशी मरायला सोडून देणं हे दोन्ही 1960च्या कायद्यात गुन्हा आहे. दंड ऐकशील तर हसशील, पहिल्या वेळेला 10 ते 50 रुपये. 1960 साली पन्नास रुपयांत काहीतरी यायचं, आज शेवभाजीची प्लेट पण येत नाही. पण दंड छोटा म्हणून गुन्हा छोटा होत नाही, आणि 'सोडून देणं' हा शब्द लक्षात ठेव, कारण तुला कोणीतरी नक्की म्हणेल, विकायची नाही तर सातपुड्याच्या पायथ्याशी सोडून ये, चरून खाईल. नाही खात. दाढा नसलेलं जनावर डोंगरात चरून जगत नाही.

तिला एकटी ठेवू नको. घोडा कळपाचं जनावर आहे. दुसरा घोडा पाहिजेच असं नाही, बैल चालेल, गाढव चालेल, शेळी तर फारच चांगली, माझ्या ओळखीत एक म्हातारा घोडा शेळी दिसेनाशी झाली की दोरी तोडायचा. आगाडी-पिछाडी काढून टाक, सात-आठ बांबू लावून कुंपण घाल, आत निंबाची सावली आणि पावसात उभं राहायला कोरडी जागा, बस. जमलं तर एका कोपऱ्यात भुसभुशीत माती ठेव, लोळायला. घोडी लोळून उठून अंग झटकते तेव्हा समज बरं चाललंय. पोटदुखीचं लोळणं वेगळं, त्यात झटकणं नसतं, घाम असतो, आणि ते दिसलं की गावठी इलाज नको, फोन.

पांजरापोळाचं विचारलंस. आपल्याकडच्या पांजरापोळात बहुतेक गाई-बैल असतात, ते चांगलं काम करतात पण घोड्याला गाईसारखं ठेवून चालत नाही. द्यायचीच वेळ आली, उद्या तुला नोकरीला पुण्याला जावं लागलं समजा, तर आधी स्वतः जाऊन बघ. अजून घोडे आहेत का, त्यांचे खूर कोण कापतं, दाढा कोण बघतं, दाणा भिजवून देतात का. हे चार प्रश्न विचार आणि उत्तर देणारा माणूस जनावराकडे बघून बोलतो का तुझ्याकडे ते बघ. ठेवलं तर महिन्याचा चारा तू पाठव, नुसतं पोचवून मोकळा होऊ नको. ओळखीतल्या कोणाला देणार असशील तर तोंडी नको, फुकट देत असलास तरी स्टँपवर लिहून घे, कामाला जुंपणार नाही, पुढे विकणार नाही, नको झाली तर मलाच परत देणार. मामाचा पोरगा असला तरी लिहून घे. मामाच्या पोराकडूनच आधी लिहून घे.

आता तुम्ही चार मित्र. तुमची इच्छा चांगली आहे, मी तिच्यावर पाणी टाकत नाही, पण यात्रेत जाऊन पैसे देऊन म्हातारी घोडी 'सोडवली' की व्यापाऱ्याला एकच गोष्ट कळते, की म्हाताऱ्या घोडीलाही गिऱ्हाईक आहे. पुढच्या वर्षी तो तुमच्यासाठी दोन जास्त आणेल, एखादी मुद्दाम जास्त हाडं निघालेली. मी असं होताना बघितलंय, शहरातून आलेली पोरं रडत होती आणि व्यापारी भाव वाढवत होता. त्यापेक्षा त्याच पैशात यात्रेच्या आधी तुमच्या पंचक्रोशीत ज्यांच्याकडे म्हातारी घोडी, म्हातारे बैल आहेत त्यांच्याकडे जा, ती विकायला निघायच्या आधीच. कोणाला दाढा घासायचा खर्च द्या, कोणाला उन्हाळ्याचा चारा. एखादा म्हणेल, चारा तुम्ही देत असाल तर मी कशाला विकतो. जनावर आपल्या दारात राहतं, माणसं ओळखीची राहतात, आणि तुम्हाला पाच जनावरांचा गोठा सांभाळायला लागत नाही, जो तुम्ही लग्नं झाल्यावर सांभाळणार नाही हे तुम्हालाही माहितीये. तरी एखादी आणलीच, तर चंद्रीजवळ लगेच बांधू नका. दोनतीन आठवडे वेगळी जागा, वेगळी बादली, आणि ग्लँडर्सची रक्ततपासणी. तो रोग घोड्याचा माणसाला लागतो, घोड्यात त्याला इलाज नाही, पॉझिटिव्ह आलेल्या जनावराला कायद्याने मारावं लागतं, आणि मग शेजारची चंद्रीही तपासणीत अडकते. नाकातून चिकट पिवळा शेंबूड, पायावर गाठी फुटलेल्या, असं काही दिसलं तर हातही लावू नका.

शेवटचं तू विचारलं नाहीस पण विचारायला पाहिजे होतंस. एक दिवस असा येईल की ती बसेल आणि चौघांनी धरूनही उठणार नाही, किंवा दुखणं औषधाने थांबणार नाही. त्या दिवशी डॉक्टरांना इंजेक्शन देऊन झोपवा म्हणणं यात पाप नाही, कायद्यात पण सोय आहे त्याची, आणि तडफडत ठेवण्याला मी तरी प्रेम म्हणत नाही. ते ठरवायचं कसं हे आत्ताच, घोडी बरी असताना, आबांशी बोलून ठेव, त्या रात्री कोणालाच सुचत नाही. जागा पण आत्ताच धरून ठेव, विहिरीपासून लांब, खोल खड्डा निघेल अशी, कारण इंजेक्शन दिलेलं जनावर उघड्यावर टाकलं तर कुत्री-गिधाडं मरतात. दुखण्यासाठी मेडिकलमधून माणसाची गोळी आणून देऊ नको, डायक्लोफेनॅक तर जनावरांना 2006 पासून बंदच आहे, गिधाडं त्यानेच संपली.

बास. या आठवड्यात दोनच कामं कर, दाढा आणि नाल. रस्त्यावरचं काम नाही तर लोखंडी नाल कशाला, नालबंदाला बोलावून काढून घे, खूर दीड-दोन महिन्यांनी कापत राहा, आपल्याकडे नालबंद आता मोजके राहिलेत, मिळाला की त्याचा नंबर जपून ठेव. आणि खिळे मोजून घे त्याच्याकडून, एका नालेला किती होते आणि किती निघाले. आमच्याकडे एक राहिला होता अंगणात, नव्या ट्रॅक्टरचं टायर गेलं आणि दादा आठ दिवस घोड्याला नाही, मला बोलत होते.